पाळी चालू असेल तर येऊ नये

सिल्वासात पाहण्यासारखे काय आहे, असे निघण्यापूर्वी अनेकांनी विचारले होते. परतल्यावर त्यांना सांगायला माझ्यापाशी दमणगंगा आहे, ताडांच्या रांगा आहेत, खेरडीच्या आंब्यांवरचा मोहोर आहे आणि नरोलीतल्या एका चाळीच्या जिन्याशी अंथरलेले गोणपाट आहे. पहिल्या तीन गोष्टी कोणालाही पाहता येतील. चौथी आता तिथे नाही.

नाशिकहून पेठचा घाट उतरून कपराड्याच्या बाजूला लागले की साग सुरू होतो. माघात त्याची पाने वाळून तांबडी होतात आणि वारा आला की भाजक्या पापडासारखी वाजतात. माझी धाकटी बहीण वृंदा गाडी चालवत होती. ती डॉक्टर आहे; पण रोग्याची नाडी हातची सुटून तिला पुष्कळ वर्षे झाली. देशभरातल्या बायकांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण वर्षागणिक कसे बदलत जाते, याचा ती अभ्यास करते. सिल्वासाच्या आसपास एक संस्था या रोगाच्या तपासणीची शिबिरे भरवते. ती पाहायला ती निघाली होती, आणि मला बरोबर का घेतले हे तिने लपवले नाही.

"तिथल्या कारखान्यांत खानदेशातली माणसं फार. तू धुळ्याला इतकी वर्षं कविता शिकवलीस, तुला अहिराणी कळते. आणि घरी बसून तू नुसती बुलबुलांना नावं ठेवतेस."

"बुलबुल भांडखोर असतात," मी म्हटले.

"असू देत. चल."

डोकमर्डी

आमचा मुक्काम डोकमर्डीतल्या एका सदनिकेत होता. आसपास नव्या इमारती, त्यांच्या गच्च्यांवर वाळत घातलेल्या साड्या. खालच्या दुकानदाराशी आम्ही मराठीत बोललो, त्याने गुजरातीत उत्तर दिले आणि सुटे पैसे हिंदीत मागितले. कोणालाच काही अडले नाही.

संध्याकाळी वृंदाने संगणकावर मला त्या कर्करोगाच्या प्रमाणाची रेघ दाखवली. डावीकडून उजवीकडे उतरत जाणारी, मध्ये किंचित अडखळणारी, पण उतरणारी. भरती ओसरताना वाळूवर ओलाव्याची कड राहते, तशी मला ती दिसली. मी तसे म्हटलेही.

"सुंदर आहे, नाही?" ती म्हणाली. "लग्नं उशिरा होतात, मुलं कमी होतात, घरात न्हाणी आली, पाणी आलं. लस तर अगदी आत्ताची गोष्ट, तिचा परिणाम दिसायला काळ जाईल. त्याआधीच रेघ उतरायला लागलेली आहे."

"मग तुझा चेहरा असा का?"

"कारण हे प्रमाण आहे. दर लाख बायकांमागचं. बायकाच इतक्या वाढल्या की आजारी पडणाऱ्या काही तेवढ्या कमी होत नाहीत. आणि रेघ जिथे मोजतात तिथली असते." तिने पडद्यावर बोट ठेवले. "जिथे मोजत नाहीत, तिथे काय चाललं आहे ते या रेघेला माहीत नाही."

खिडकीतून दूरच्या चिमण्यांचा धूर येत होता. त्याला जळक्या प्लास्टिकचा वास होता, आणि त्याच्या पाठोपाठ कोणाच्या तरी घरातून लसणाच्या फोडणीचा आला. इथे हे दोन वास एकमेकांना सोडत नाहीत.

खेरडी

दुसऱ्या दिवशी शिबिर खेरडीला होते. शेते, त्यांच्या कडेने आंबे, आंब्यांना मोहोर, आणि मोहोराखाली जमिनीवर ओळीने बसलेल्या वारली बायका. केसांत झेंडू खोचून त्या आल्या होत्या. आमच्याकडे दवाखान्यात जाताना बायका फूल काढून ठेवतात. इथे माळून येतात. मी कारण विचारले तेव्हा एकीने माझ्याकडे असे पाहिले की जणू बाहेर पडताना फूल न माळण्याचे कारण मीच द्यायला हवे होते.

शिबिराची सूत्रे माधवी सिस्टरच्या हाती. त्या मूळच्या मालवणकडच्या. नोकरीच्या निमित्ताने इथे आल्या आणि इथल्याच झाल्या. आवाज खणखणीत. गावागावांतून फिरणाऱ्या रिक्षेवरच्या कर्ण्यात त्यांचाच आवाज भरलेला होता, आधी गुजरातीत, मग हिंदीत, मग मराठीत:

"भगिनींनो, तिशीच्या वरच्या सगळ्या बायकांनी तपासणीला यावे. पैसे पडत नाहीत, दुखत नाही, लपवण्यासारखे काही नाही. मात्र पाळी चालू असेल तर येऊ नये. पाळी सरल्यावर यावे."

शेवटच्या दोन वाक्यांना जात्यावरच्या ओवीसारखी लय होती. मी सिस्टरना ते सांगितले. त्या खूश झाल्या.

"पाळीत तपासलं तर आतलं दिसत नाही गो. रक्तानं झाकतं सगळं. पहिल्या पहिल्यांदा निम्म्या बायका तशाच यायच्या, परत पाठवावं लागायचं. म्हणून ते घातलं. आता कशा, शिकल्यासारख्या येतात."

पडद्याआड तपासणी चालली होती. गर्भाशयाच्या तोंडाला पातळ केलेले आम्ल लावतात. बिघडलेली जागा असली तर ती पांढरी पडते. मोहोराच्या गोड वासात त्या आम्लाचा, लोणच्याच्या बरणीचा असावा तसा आंबट वास मिसळत होता. बायका आत जात, पदर सावरत बाहेर येत, आणि बाहेरच्यांना हाताने खुणावत: काही नाही, जा.

दुपारी सिस्टरनी उंबाडियू मागवले. मडक्यात पापडी, रताळी, कंद भरून, तोंड पाल्याने बंद करून, मडके पालथे घालून विस्तवात भाजायचे. रायगडात पोपटी करतात तिचीच ही सख्खी बहीण. पण इथला मसाला हिरवा आणि जास्त तिखट. त्यावर कोणीतरी मला नीरा दिली. ऊन चढल्यावर नीरा नीरा राहत नाही, हे मला ठाऊक नव्हते. दुसऱ्या पेल्यानंतर आंब्याचा मोहोर फारच जवळ आला.

"मॅडम, ती ताडी झाली होती!" सिस्टर हसून हसून खाली बसल्या. "बरं झालं सीमेच्या अलीकडे प्यालात. पलीकडे गुजरातेत दारूबंदी आहे, पोलिसांनी नेलं असतं."

बायकाही हसल्या. या प्रवासात मनापासून हसल्याची ही शेवटची आठवण.

नरोली

नरोली हे गाव होते, असे जुने लोक सांगतात. आता कारखान्यांच्या दोन भिंतींमध्ये उरलेल्या जागेत चाळी उभ्या आहेत. सुताला पीळ घालणारी यंत्रे सतत गुणगुणत असतात. तो आवाज पावलांतून अंगात चढतो. दुसऱ्या दिवशी तिथे शिबिर भरायचे होते, म्हणून वृंदाला मुक्कामावर सोडून सिस्टर आणि मी आदल्या दुपारी घरोघर सांगत निघालो. सिस्टरना खालच्या मजल्यावरच्या बायकांनी घेरले. मी एकटीच जिना चढून वर गेले.

जिना जिथे संपतो तिथे, गॅलरीच्या कोपऱ्यात, गोणपाटावर एक बाई बसली होती. पन्नाशी ओलांडलेली, हाडे दिसणारी, कपाळावर गोंदण. शेजारी पालथा घातलेला पितळी पेला, ताटली आणि जळती उदबत्ती. मी जवळ जाताच तिने हात वर केला.

"लांबूनच बोला बाई. माले शिवू नका. मी बाजूले शे."

तिचे नाव द्रौपदाबाई. अमळनेरच्या बाजूचे गाव. नवरा गेल्यावर मुलाकडे इथे आलेली. शेजारच्या दारात डहाणूकडच्या लताबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी लगेच तोंड घातले.

"म्हातारीला पुन्हा तारुण्य फुटलंय! सुनेला दिवस राहायच्या आधी हिलाच राहतील बघा!"

"तू तुना नवराले सांभाळ," द्रौपदाबाई म्हणाली. "मना बुढा ते वर जायेल शे. तठून काय येवाव नही तो."

दोघी हसल्या. आतून सून आली, कविता. सुताच्या कारखान्यातली पाळी संपवून नुकतीच परतलेली. भुवयांवर पांढरा तंतू अडकलेला.

"मी किती डाव बोलली, आत बसा, आजकाल कोण पाळतं? ऐकत नाय. एकच रूम आहे, ताई. इकडल्या भिंतीला देव, तिकडल्या भिंतीला गॅस, मधे आम्ही. बाजूला बसायला बाजूच नाय. मग ही इथं बसते."

आमच्या घरातून हा रिवाज आईच्या पिढीतच उठला. ज्या बाईला कोपऱ्याएवढीही जागा नाही, तिने जिन्याच्या वाटेवर स्वतःभोवती न दिसणारे एक कुंपण घालून ते राखावे, यात मला एक करुण अभिमान दिसला. उदबत्तीच्या धुराखाली आणखी एक वास होता. फुलदाणीतले पाणी दिवसेंदिवस न बदलता देठ कुजावेत, तसा. मी तो कारखान्यांच्या खात्यावर टाकला.

"उद्या तपासणीला या," मी म्हटले.

ती माझ्याकडे दयेने पाहत म्हणाली, "तुमनीच गाडी सांगस ना बाई, पायी चालू ऱ्हायनी ते येवानं नही. मांगे बी गाडी उनी व्हती, तवय बी चालूच व्हती. सरनी का येसू."

अहिराणीत पाळीची पायी होते; ती सरली की येईन, म्हणाली. मला ते रास्त वाटले. खाली येऊन मी सिस्टरना सांगितले, वरच्या मजल्यावरची एक बाई या वेळी येणार नाही.

रात्रीच्या जेवणाला वृंदाने खिचडी केली होती. मी तिला दिवस सांगू लागले: यंत्रांची गुणगुण, लताबाईंची जीभ, गोणपाटावरची ती बाई, तिचे कुंपण, तिचे उत्तर, उदबत्ती. मी चांगले सांगत होते. वासाची उपमासुद्धा दिली.

वृंदाचा घास हातातच राहिला.

"वय काय म्हणालीस?"

"पन्नाशीच्या पुढे असेल."

"पाळी कधी गेली होती तिची? गेली असेल ना? सुनेवरून थट्टा करतात म्हणजे गेली होती आणि परत आली." ती उठली. "आणि मागच्या शिबिराच्या वेळीही चालूच होती. ताई, तो वास कारखान्याचा नव्हता."

तिने माधवी सिस्टरना फोन लावला. वासाचे, मागच्या शिबिराचे, सगळे सांगितले. मग सिस्टरचा आवाज आला. त्यातला खणखणाट गेला होता. "म्हणजे जिला रक्त थांबतच नाही, तिला मीच सांगत फिरले, येऊ नको म्हणून."

नरोली, दुसऱ्यांदा

सकाळी आम्ही तिघी तो जिना चढलो. सिस्टर गोणपाटाच्या कडेशी उकिडव्या बसल्या.

"माय, मधे थांबतं का हे?"

"थांबस ना. न्हाई लेस, आत जास, देवले दिवा लावस. चूल पेटाडी का दुसरा दिन परत." तिने कपाळाला हात लावला. "या वयमा देवनी परत दिन दिधात, त्याले काय म्हनू?"

"ही पाळी नव्हे, माय. ही दुखण्याची खूण आहे. पाळीसाठी नको म्हटलं होतं, यासाठी नाही. तू सगळ्यांत आधी यायला हवं होतंस. माझं बोलणं अर्धं होतं."

द्रौपदाबाईने मान हलवली. गाडीवरचा शब्द तिच्या लेखी पक्का होता. समोर बसलेल्या बाईचा कच्चा. शिबिराला नेणाऱ्या गाडीत इतर बायका बसतात, त्या बाटतील. तपासणीच्या टेबलावर तिच्यानंतर कोणाला झोपवणार? लताबाई दारात उभ्या होत्या. हातातले तांदळाचे सूप त्यांनी खाली ठेवले.

शेवटी कविता तिच्यासमोर येऊन उभी राहिली, आणि सासूशी लांबून बोलण्याचा शिरस्ता मोडून तिचा दंड धरला. "मला बाटवा. आधी मला बाटवा, मग बाकीच्यांचं बघू. उठा."

ती आली, मात्र अटीवर. सगळ्यांची तपासणी होऊ द्यायची, सगळ्यांत शेवटी ती. तोवर ती शिबिराच्या मंडपाबाहेर, उन्हात, स्वतःचे गोणपाट अंथरून बसली. पाणीसुद्धा तिने आपल्याच पेल्यात, वरून ओतून घेतले.

आत मी तिच्या उशाशी होते. पडदा हिरवा होता आणि त्यातून येणाऱ्या उजेडात तिचा चेहरा पाण्याखाली असल्यासारखा दिसत होता. शिबिरातल्या डॉक्टरांनी दिवा वळवला. आम्ल लावण्याची वेळच आली नाही; नुसत्या डोळ्यांनाच दिसत होते. कळ आली तशी तिने माझा हात घट्ट धरला, इतका की अंगठी बोटात रुतली. सोडल्यावर ती ओशाळली.

"तुम्हले शिवाई गयं, बाई. घर जाईसन न्हाई ल्या."

डॉक्टर वृंदाकडे पाहत होत्या आणि वृंदा जमिनीकडे. बाहेर आल्यावर ती मला एवढेच म्हणाली, "खूप पुढे गेलं आहे. मागच्या शिबिराला आली असती तर..." वाक्य तिने पुरे केले नाही. ते पुरे करण्याजोगे आकडे तिच्यापाशी होते, हे मला ठाऊक आहे.

त्या संध्याकाळी खोलीत मुलगा संतोष भिंतीला टेकून उभा राहिला. बाहेर गॅलरीत आई, आत आम्ही. मधले दार उघडे. गावी न्यावे, असे त्याच्या गावाकडच्या चुलत्याचे म्हणणे होते. माणसाने आपल्या मातीत असावे. सुरतेच्या मोठ्या रुग्णालयात न्यावे, असे कविताचे.

"तिथं बरी होईल का, डॉक्टर?" त्याने वृंदाला विचारले.

"बरी होईल असं मी सांगत नाही. पण विजेच्या किरणांनी शेकतात, त्यानं रक्त थांबवता येतं. दुखणं कमी होतं."

"म्हणजे थांबेल, पण जाणार नाही."

"हो."

"मंग कशाला?" तो हळूच म्हणाला. त्यात दुष्टपणा नव्हता. कारखान्यात खाडा झाला की बदली माणूस उभाच असतो, हे त्याला माहीत होते.

कविताने दाराबाहेर बोट केले. "तिला आत यायचंय, म्हणून. माझी सासू किती महिने जिन्यात जेवतेय. मरायचं तर घरात मरू दे ना."

सुरतेला जायचे ठरले.

सुरत

आम्ही त्यांना गाडीतून नेले. द्रौपदाबाईने आसनावर आपले गोणपाट घातले आणि मगच बसली. खिडकीतून दमणगंगा दिसली तेव्हा तिने हात जोडले. नदीला विटाळ नसतो, म्हणाली.

रुग्णालयाच्या खिडकीशी रांग होती. तिथल्या माणसाने विचारले, राहणार कुठले? संतोषने आधारकार्डावरचे गाव सांगितले. वृंदा पुढे झाली.

"दादा, वर्षापेक्षा जास्त नरोलीत राहतात या, म्हणजे रोगाची नोंदही नरोलीचीच. तिथलं सांगा."

"नको मॅडम. खोली भाड्याची आहे. मालक आज आहे म्हणेल, उद्या नाय म्हणेल. गावच बरं."

वृंदा बाजूला झाली. परतताना ती मला सांगत राहिली: बाई आजारी पडली नरोलीत, उपचार सुरतेला, नाव गेले अमळनेरकडे, जिथे तिला मोजायला कोणी बसलेले नाही. नरोली तशीच निरोगी दिसत राहील. तिची रेघ खोटी नव्हती, पण अशा किती जणी तिच्या खालून निघून गेल्या असतील, ते तिला काढता येत नव्हते. वळणावर तिने गाडी थांबवली, डोळे पुसले आणि पुन्हा सुरू केली.

निघायच्या सकाळी डोकमर्डीत कर्ण्याची रिक्षा आली. सिस्टरनी आवाज नव्याने भरला होता. शेवटचे वाक्य लांब झाले होते, लय पार मोडली होती: "पाळी चालू असेल तर चार दिवसांनी यावे, पण ज्यांचे रक्त थांबत नाही, ज्यांची पाळी जाऊन पुन्हा अंगावरून लाल जाते, त्यांनी थांबू नये, त्यांनी सगळ्यांच्या आधी यावे." नंतर कळले की नरोलीच्या मागच्या गल्लीतून आणखी एक बाई डोक्यावरून पदर घेऊन आली. तिचे पुढे काय झाले, ते मी विचारले नाही.

नाशिक

सागाला नवी पाने फुटली तेव्हा कविताचा फोन आला. मागे यंत्रे नव्हती. ती सुट्टीवर असावी.

"ताई, माय न्हाली. डाग नाय. बरेच दिवस झाले, डाग नाय." ती रडत होती आणि हसत होती. "आत आली. आधी देवाजवळ दिवा लावला, मग मला गॅसजवळून उठवलं. म्हणे, सरक. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी केली. हातात ताकद नाय, अर्धी तुटली, तरी केली. लताबाईला पण दिली."

"डॉक्टर काय म्हणतात?"

आवाज एकदम खाली आला. "तेच. आत पसरलंय. उन्हाळा निघाला तर नशीब, बोलले. तिला आम्ही नाय सांगितलं. थांबा, तिला बोलायचंय."

फोन हातातून हातात गेला. श्वासाचा आवाज आला, मग तो लांबून बोलणारा, आता अगदी जवळ आलेला स्वर.

"बाई, त्या दिन मी नियम मोडीसन उनू, शेवट पडनू, तुम्हले बी शिवाई गयं. मनमा राही गयं ते. पन आते पायी सरनी." ती थांबली, दम लागला होता. "सिस्टरले सांगा. आते गाडी उनी का मी नीट येसू, सगयासना संगे."

"सांगते," मी म्हटले.